इशारा कानाला नको, अंगाला द्या

१ जुलै २०१९ पासून भारतात तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या कारला बीप करणं सक्तीचं झालं. पट्टा लावला नाही की बीप. ताशी ८० किलोमीटर ओलांडले की थांबून थांबून बीप, १२० ओलांडले की अखंड बीप. गाडी मागे घेताना भिंत जवळ आली की बीप. नियम योग्य होता आणि माझा त्याला आजही पूर्ण पाठिंबा आहे. पण त्याच्या मागोमाग दुकानांत काय आलं? पट्ट्याच्या बकलात खुपसायची एक धातूची जीभ. अंगावर पट्टा नसतो, पण बकलाला तो लागलाय असं वाटतं आणि बीप गप्प होतो. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना असल्या जिभा विकणं बंद करायला लावलं, तेव्हा तेरा हजारांहून जास्त नोंदी उतरवाव्या लागल्या.

हा आकडा वाचून मला रागापेक्षा काळजी जास्त वाटली. जीव वाचवणारा आवाज बंद करायला लोक पदरचे पैसे घालत असतील, तर त्यांना बेफिकीर म्हणून मोकळं होता येणार नाही. इशारा द्यायची जागाच चुकतेय, असं माझं मत आहे. आपल्या रस्त्यांवर ड्रायव्हरचे कान आधीच भरलेले असतात. हॉर्न, इंजिन, गाणी, फोन, शेजारी बसलेल्यांच्या गप्पा. डोळ्यांना तर उसंतच नसते. मोकळं काय राहतं? पाठ, मांड्या, तळहात. ड्रायव्हर अख्खा प्रवासभर गाडीला अंगाने चिकटून बसलेला असतो आणि गाडी मात्र त्याच्याशी लांबून, डॅशबोर्डवरून बोलते.

मी चाकणजवळच्या एका कंपनीत काम करते. धोका जवळ आलाय हे गाडीने ड्रायव्हरला कसं कळवावं, ते तपासणं माझं काम. आमच्याकडे ट्रकची अर्धी कापून आणलेली केबिन आहे. सीट खरी, स्टिअरिंग खरं, पेडल खरे. समोरची काच मात्र नाही. त्या जागी ड्रायव्हरच्या डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा, हेडसेट चढतो आणि त्याला रस्ता, आरसे, पुढचा टँकर, कडेची लिंबाची झाडं असं सगळं दिसायला लागतं. सीटच्या फोमखाली छोट्या मोटारी बसवलेल्या आहेत. स्टिअरिंगच्या दांड्याला एक मोठी मोटर आहे, ती हाताला उलटा जोर देते. चाचणीला खरे ड्रायव्हर येतात. ट्रकवाले, कंपनीच्या बसवाले, कधी कुणी टेम्पोवाले.

त्यांतले एक काका आष्टीकडचे होते. पहिल्या फेरीत आम्ही मुद्दाम नुसते आवाजाचे इशारे ठेवले होते. थोडा वेळ ऐकलं आणि त्यांनी हेडसेट कपाळावर सरकवून विचारलं, "ताई, हे कशाचं वाजायलंय? बेल्टचं का हवेचं? सगळं सारखंच वाजतंय की." हवेचं म्हणजे ब्रेकच्या हवेचा दाब कमी झाल्यावर वाजणारा बझर. ज्याने आयुष्यभर एअर ब्रेकवर गाडी चालवली, त्याला केबिनमधला कुठलाही आवाज आधी हवेचाच वाटणार. लेन सुटल्याचा बीप झाला तेव्हा त्यांची नजर गेली हवेच्या काट्यावर. रस्त्यावर नाही! दुसऱ्या फेरीत लेन डावीकडे सुटली की डावी मांडी थरथरेल असं ठेवलं. काही न सांगता त्यांचं स्टिअरिंग उजवीकडे वळलं.

हे का घडतं, ते नीट सांगायचं तर कातडीपासून सुरुवात करायला हवी.

घरी करून बघा. केसांची यू पिन घ्या, तिची दोन टोकं एकमेकांपासून अर्धा सेंटिमीटर ठेवा आणि डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या बोटाच्या पेरावर हलकेच टेकवा. टोकं दोन आहेत, हे तो लगेच सांगेल. आता तीच पिन पाठीवर टेकवा. एकच टोक आहे, असं तो शपथेवर सांगेल. अंतर वाढवत न्या, चार सेंटिमीटरच्या आसपास कुठेतरी त्याला दोन कळायला लागतील. लाइपझिगच्या अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये कंपासची टोकं शरीरावर ठिकठिकाणी टेकवून घेतलेल्या या मोजमापांचा ग्रंथ छापला. आमच्या सीटची आखणी आजही त्याच ज्ञानावर उभी आहे. पाठीत दोन मोटारी दोन सेंटिमीटरवर बसवल्या तर दुसरीचे पैसे वाया गेले. डावी-उजवी मांडी मात्र कुणालाही, कितीही जाड पँटमधून, चुकत नाही.

दुसरी गोष्ट कंपनाच्या वेगाची. त्वचेच्या खोल थरात पॅसिनी कणिका असतात, जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या, आतून कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या. हळू दाबलं तर त्या लगेच शांत होतात. कंपन आलं की जाग्या होतात आणि सेकंदाला २०० ते ३०० कंपनं या पट्ट्यात त्या सर्वांत तल्लख असतात. आता ट्रकचं गणित मांडू. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला १,४०० फेऱ्यांवर चाललंय, दर फेरीला तीन स्फोट, म्हणजे सेकंदाला ७० ठोके. उभ्या गाडीत, ६०० फेऱ्यांवर, ३० ठोके. रस्त्याचे हादरे त्याहूनही खालचे. कुणी स्वस्तातली, संथ फिरणारी मोटर सीटमध्ये घालून सेकंदाला ६०–७० कंपनांचा इशारा दिला, तर तो इंजिनात विरघळून जाईल. ड्रायव्हरला वाटेल, रस्ता खराब लागला. शिवाय तासन्‌तास हादरे खाऊन कातडी बधिर होते. सकाळी निघताना जो इशारा टोचतो, तो दुपारनंतर जाणवेलच असं नाही. म्हणून सलग थरथर उपयोगाची नाही. ठोका, विराम, ठोका असं काहीतरी हवं. ही बारीकसारीक कामं माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा वेळ खातात आणि मला तीच सगळ्यात आवडतात.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. कराड-चिपळूणला असताना कुंभार्ली घाटात त्यांचा डावा तळहात गिअरच्या लांब दांड्यावरून हलायचा नाही. शेजारी इंजिनचं बॉनेट तापलेलं असायचं, तरी हात तिथेच. गिअर धरतोय की सुटायला बघतोय, हे दांड्याच्या थरथरीवरून कळतं, असं ते सांगायचे. त्या पिढीला गाडी अंगाला कळायची, कारण गाडी आणि अंग यांच्यामध्ये काही नव्हतंच. आता पॉवर स्टिअरिंग, रबरी माउंटिंग, जाड फोम, सस्पेन्शनची सीट हे सगळं मध्ये आलं. आराम वाढला आणि तो मिळायलाच हवा होता, कारण त्या पिढीच्या कमरा गेल्या आहेत. पण त्या आरामाबरोबर जी माहिती गेली ती कुणी परत आणून दिली नाही.

ती परत आणायची विद्या मात्र अस्तित्वात आहे. ती वाढली वेगळ्याच लोकांच्या हातांत.

शिकागोजवळच्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ नावाचे अभियंते होते. किरणोत्सारी पदार्थ हाताळायचे, पण हात लावायचा नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. भिंतीच्या अलीकडे माणूस दांडे धरून बसतो, पलीकडे यांत्रिक हात तीच हालचाल करतो. सुरुवातीला हे तारा आणि पट्ट्यांनी जोडलेलं होतं, त्यामुळे पलीकडचा जोर अलीकडे आपोआप जाणवायचा. १९५४ च्या सुमारास गोर्ट्झ यांनी मधली जोडणी विजेची केली आणि मग तो जोर मोटारींनी मुद्दाम परत द्यावा लागला. पलीकडे चिमटा बाटलीला टेकला की अलीकडे बोटाला टेकल्याचं कळायला हवं, नाहीतर बाटली फुटणार. माझ्या लेखी आजच्या हॅप्टिक्सचं, म्हणजे यंत्रातून स्पर्श पोचवायच्या विद्येचं, मूळ तिथे आहे.

पुढे पलीकडची खरी वस्तूच काढून टाकली आणि तिच्या जागी संगणकातली आणली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिलला, फ्रेड ब्रुक्स यांनी १९६७ मध्ये त्या दिशेने काम सुरू केलं आणि वीसेक वर्षांनी त्यांच्या गटाने आर्गोनचाच एक यांत्रिक हात वापरून रसायनशास्त्रज्ञांना औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवायला दिला. रेणू कुठे अडतो, कुठे ओढला जातो, हे हाताला कळत होतं. मग १९९३–९४ मध्ये एमआयटीत थॉमस मॅसी हा विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक केनेथ सॅलिसबरी यांनी ते अवजड यंत्र टेबलावर मावेल एवढं केलं. शिवणकामात बोटात घालतात तसलं टोपण, त्याला जोडलेला सडपातळ दांडा आणि तीन मोटारी. टोपणात बोट घालायचं आणि हवेत पुढे न्यायचं. पडद्यावरच्या गोळ्याला बोट लागलं की दांडा अडतो. गोळा नाही आणि तरी बोट पुढे जात नाही. मी हे यंत्र पहिल्यांदा वापरलं तेव्हा बराच वेळ त्या नसलेल्या गोळ्यावरून बोट फिरवत बसले होते.

या कामाचा एक पाठ माझ्या रोजच्या कामात येतो. डोळ्याला फसवायला सेकंदाला तीस-साठ चित्रं पुरतात. बोटाला पुरत नाहीत. टणक भिंत टणक वाटायला हवी असेल तर जोराचं गणित सेकंदाला हजार वेळा करावं लागतं, नाहीतर भिंत मऊ लागते किंवा हातात थडथडते. उशीर तर अजिबात खपत नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये एमआयटीच्या टच लॅबमधल्या आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या माणसांनी अटलांटिकच्या दोन काठांवरून एकच आभासी ठोकळा मिळून उचलला, तेव्हाही खरी झुंज होती ती इंटरनेटवरच्या उशिराशी. टच लॅबचे संस्थापक मंदायम श्रीनिवासन आपल्या बंगळुरूकडचे. त्या लॅबमध्ये काम करून आलेले एम. मणिवण्णन यांनी आयआयटी मद्रासमध्ये स्पर्शाची प्रयोगशाळा उभी केली आहे. म्हणजे ही विद्या आपल्या देशाला परकी नाही, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते.

आणि एक ससा आहे. प्रिन्स्टनच्या फ्रँक गेल्डार्ड आणि कार्ल शेरिक यांनी १९७२ मध्ये हातावर दोन-तीन जागी भराभर टिचक्या मारल्या: काही मनगटाशी, मग काही कोपराकडे. ज्यांच्या हातावर मारल्या त्यांना वाटलं, मनगटापासून कोपरापर्यंत एक छोटा ससा टुणटुण उड्या मारत गेला. मधल्या जागी कुणी हातही लावला नव्हता! मेंदू मधल्या टिचक्या स्वतःच भरतो. सीटमध्ये याचा उपयोग विलक्षण आहे. मोजक्या मोटारींत ड्रायव्हरच्या पाठीवर डावीकडून उजवीकडे काहीतरी सरकत गेल्याचा भास करता येतो आणि 'आरशात न दिसणाऱ्या आंधळ्या कोपऱ्यातून दुचाकी येतेय' हे एका शब्दाशिवाय सांगता येतं. चाचणीला आलेल्या एका बसवाल्या दादांनी हेडसेट काढल्यावर पहिल्यांदा सीट उचकून पाहिली, आत काय फिरतंय म्हणून.

गाड्यांमध्ये हे आलंय का? आलंय, पण थोडं. सिट्रोएनने २००४ मध्ये आलेल्या सी४ मध्ये पुढच्या बंपरखाली इन्फ्रारेड सेन्सर लावले होते. ते रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओळखायचे आणि सिग्नल न देता तो ओलांडला की त्या बाजूची सीट थरथरायची. कॅडिलॅकने २०१२ मध्ये एक्सटीएसमध्ये तशीच सीट दिली, धोका डावीकडे तर डावीकडे थरथर, पुढे किंवा मागे असेल तर दोन्हीकडे. ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स स्पेन्स आणि क्रिस्टी हो यांनी पोटावर आणि पाठीवर कंपनाचे पट्टे बांधून सिम्युलेटरमध्ये दाखवलं की कंपन ज्या बाजूला होतं, ड्रायव्हरचं लक्ष त्या बाजूच्या रस्त्याकडे पटकन वळतं. म्हणजे यातलं काहीच नवं नाही.

स्टिअरिंगमध्ये तर व्हीआर आणि गाडी यांच्यातली सीमाच पुसली गेली. इन्फिनिटीच्या क्यू५० मध्ये २०१३ पासून स्टिअरिंग आणि चाकं यांचं नातं विजेच्या तारांतून आलं. यांत्रिक दांडा असतो, पण एरवी क्लचने सोडलेला, अडचणीपुरता राखून ठेवलेला. त्या गाडीत हाताला जो रस्ता जाणवतो तो मोटरने बनवून दिलेला असतो, आमच्या अर्ध्या केबिनमध्ये असतो अगदी तसाच. मग कुठला खडबडीतपणा हातापर्यंत पोचू द्यायचा आणि कुठला गाळायचा, हे कुणीतरी अभियंता ठरवतो. ही जबाबदारी मला फार मोठी वाटते. ओल्या रस्त्यावर चाकाची पकड सुटायला लागली की स्टिअरिंग हलकं होतं, ही खूण गाळली गेली तर ड्रायव्हरला पाणी कळणार कसं?

स्पर्शाचा इशारा दिला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. एबीएसचा इतिहास पाहा. बॉशची ही यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आली. चाक लॉक व्हायला लागलं की ती ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडते-धरते आणि पेडल पायाखाली धडधडतं. ती धडधड म्हणजे यंत्रणा नीट चालल्याची खूण. पण ज्यांनी ती आधी कधी अनुभवली नव्हती अशा कितीतरी लोकांनी काहीतरी तुटलं असं समजून नेमक्या त्या क्षणी पाय उचलला. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. तुम्ही ती गाडी घेतली असेल तर एक विनंती आहे. मोकळ्या, सुरक्षित मैदानात, हेल्मेट घालून, कमी वेगात ब्रेक दाबून ती धडधड एकदा हातापायाला माहीत करून द्या. शोरूमवाल्यांनी हे गाडी देतानाच करून घ्यायला हवं, असं मला वाटतं.

याच पायाबद्दल आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला आमच्या क्षेत्रातली सगळ्यात सुंदर वाटते. डाइमलर-बेंझने १९८५ मध्ये बर्लिनमध्ये एक भव्य सिम्युलेटर उभारला. आत पूर्ण गाडी, भोवती पडदा आणि सगळा घुमट हलणारा. तिथे साध्या ड्रायव्हरांसमोर अचानक संकट उभं केलं गेलं, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. बहुतेकांचा पाय ब्रेकवर पटकन जात होता, पण पुरेसा जोर लावत नव्हता. अर्ध्यावर थबकत होता. घाबरलेला पाय वेगाने येतो, हे लक्षात आल्यावर अभियंत्यांनी पेडल किती दाबलं याऐवजी ते किती झपाट्याने दाबलं, हे मोजायला सुरुवात केली. झपाटा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की यंत्रणा उरलेला जोर स्वतः लावते. हा ब्रेक असिस्ट १९९६ मध्ये विक्रीच्या गाड्यांत आला. खऱ्या रस्त्यावर ही माहिती कुणी गोळा करू शकलं नसतं. त्यासाठी माणसांना खऱ्या संकटात ढकलावं लागलं असतं. व्हीआर म्हणजे पोरांचे खेळ, असं म्हणणाऱ्यांना मी ही हकीकत ऐकवते.

गाडीला स्वतःलाही स्पर्श कळतो. एअरबॅगच्या सुरुवातीच्या काळात अ‍ॅलन ब्रीड यांनी केलेला सेन्सर म्हणजे एक नळी, तिच्यात पोलादाची गोळी आणि गोळीला मागे धरून ठेवणारं लोहचुंबक. धडक बसली की गोळी चुंबकापासून सुटते, नळीतून पुढे सरकते आणि दोन संपर्कपट्ट्या जोडते. खड्ड्यात आदळल्यावर सुटू नये आणि धडकेत अडू नये, हे सगळं गोळी आणि नळी यांच्यातल्या फटीतून हवा किती सावकाश निघते यावर ठरायचं. पुढे ते काम सिलिकॉनच्या चिपकडे गेलं. आता दाराच्या पोकळीत हवेच्या दाबाचा सेन्सर असतो. बाजूने धडक बसली की पत्रा आत येतो, पोकळीतली हवा दाबली जाते, आणि गाडीला ते लगोलग कळतं. काही गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये फोमच्या मागे एक रबरी नळी आडवी घातलेली असते, दोन्ही टोकांना दाबाचे सेन्सर. नळी कशी दबली यावरून समोर माणसाचा पाय आहे की खांब, याचा अंदाज काढला जातो आणि पाय असेल तर बॉनेट मागून उचललं जातं, म्हणजे डोकं आपटलं तरी खालच्या कडक इंजिनवर आपटत नाही. पायी चालणाऱ्याचा विचार करून कुणीतरी बंपरमध्ये एवढी नळी घातली, याचं मला खूप अप्रूप आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांचं काय? दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये स्पष्ट केलं की कर्णबधिर व्यक्तीला वाहन परवान्याची परीक्षा देण्यापासून अडवता येणार नाही. परीक्षा पास झाली तर परवाना मिळायला हवा. आज आपल्याकडे कर्णबधिर लोक गाडी चालवतात, कमावतात. त्यांच्यासाठी २०१९ चा तो अख्खा नियम निम्म्याहून जास्त मुका आहे. पट्ट्याचा दिवा तेवढा दिसतो. आमच्या चाचणीला एक कर्णबधिर ताई आल्या होत्या. त्या स्वतःची कार चालवतात. फेरी संपल्यावर त्यांनी माझ्या वहीत लिहिलं, "माझ्या गाडीत कधी बसवाल?" माझ्याकडे तारीख नव्हती. वहीचं ते पान मी बैठकीत सगळ्यांसमोर ठेवलं.

२०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतल्या किती जणांना सीटच्या थरथरीने वाचवलं असतं, हे कुणी सांगू शकत नाही आणि मीही सांगणार नाही. पण पापणी जड झालेल्या ड्रायव्हरला जागं करायला कंपन चालतं, हे रस्ते बांधणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. न्यू जर्सीच्या गार्डन स्टेट पार्कवेवर १९५२ मध्येच कडेला खडबडीत पट्टे घातले होते, चाक त्यांवर गेलं की गाडी घुमायला लागायची. आपल्याकडे रम्बलर असतात ते बहुतेक आडवे, टोलनाक्याच्या किंवा वळणाच्या आधी. समृद्धीसारख्या सरळसोट, ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर ज्याचा डोळा लागतो त्याची गाडी हळूच कडेला सरकते. तिथे कडेचे पट्टे हवेत, आणि जिथे ते नाहीत तिथे तेच काम सीटने करायला हवं.

संधी आत्ता आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बस आणि मालट्रकसाठी एक मसुदा काढला: आपोआप ब्रेक, ड्रायव्हरची झोप ओळखणारी यंत्रणा आणि लेन सुटल्याचा इशारा. लेनच्या इशाऱ्याबाबत संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १३० काय म्हणतो ते मुद्दाम वाचण्यासारखं आहे. इशारा दिवा, आवाज आणि स्पर्श यांपैकी कुठल्याही दोन मार्गांनी द्यावा. किंवा मग आवाज अथवा स्पर्श यांपैकी एकाच मार्गाने, पण गाडी कुठल्या बाजूला सरकतेय ते त्यातूनच कळलं पाहिजे. म्हणजे डावी मांडी, उजवी मांडी एवढं केलं तरी नियम पूर्ण होतो. दिवा आणि बझर स्वस्त पडतात, म्हणून आपले उत्पादक तिकडे वळतील, ही मला भीती आहे. सीटमधल्या मोटारी आणि त्यांची जोडणी यांचा खर्च ट्रकच्या किमतीत कुठेही दिसणार नाही एवढा असतो. तो करा, एवढंच मी गेली काही वर्षं जिथे संधी मिळेल तिथे मांडतेय.

एक अडचण आहे आणि ती कुठल्याही परदेशी शोधनिबंधात मला सापडली नाही. आपले ट्रकवाले सीटवर लाकडी मण्यांचं आसन घालतात. उन्हाळ्यात पाठीला वारा लागतो म्हणून. थंडीत त्यावर घडी घातलेलं ब्लँकेट, कधी घरून आणलेली गोधडी. फोमखालून निघालेलं कंपन या सगळ्यातून कातडीपर्यंत किती पोचतं? मणी लाकडी असल्यामुळे ते कंपन छान पुढे नेतील, असं आमच्यातल्या एकाला वाटतं. मला वाटतं मणी एकमेकांवर घासून ते विखरून टाकतील आणि डावं-उजवं कळायचं बंद होईल. कागदावर याचं उत्तर निघत नाही, बसवूनच बघायला हवं. म्हणून पुढच्या महिन्यापासून मण्यांच्या आसनावर आणि गोधडीवर चाचण्या सुरू करतोय. चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यात ट्रक किंवा कंपनीची बस चालवणारं तुमच्या ओळखीत कुणी असेल तर खाली लिहा. अर्धा दिवस लागतो, भत्ता आणि जेवण कंपनीकडून असतं. येताना रोजचं आसन सोबत आणायला सांगा. नवं नको, वापरून झिजलेलंच हवंय.